घरमालक आजोबांची पेन्शन

ती. आई-बाबांस सा. न.

मी ठणठणीत आहे. बुधवारी फोन उचलला नाही, कारण तो गाडीत राहिला होता. 'परक्या म्हाताऱ्यासाठी रजा काढतो' असं बाबा म्हणाले म्हणे. एकच दिवस काढली हो. माझ्या घरमालक आजोबांना पेन्शनसाठी डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि त्यांच्या मुलीला गाडी येत नाही.

आजोबा नव्वदीला टेकलेत. 1954 मध्ये अमेरिकेच्या लष्करात गेले. कोरियातली लढाई जुलै 1953 मध्येच थांबली होती, पण सरकारदरबारी युद्धकाळ 31 जानेवारी 1955 पर्यंत धरतात. माजी सैनिकांच्या या पेन्शनसाठी त्यातला एक दिवस आणि एकूण 90 दिवस नोकरी भरली की झालं. त्या काळातल्या सैनिकांचे बहुतेक कागद 1973 साली सेंट लुइसच्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत जळाले. नशीब, यांच्या डिस्चार्जचा कागद गॅरेजमधल्या खोक्यात निघाला.

आता एक अजब. मुलगी वडिलांना आंघोळ घालते, कपडे चढवते आणि महिनाअखेर त्यांच्याकडून चेक घेते! लेखी करार, तासांची वही, सगळं. कपाळाला हात लावू नकोस, ऐक. ही पेन्शन उत्पन्न कमी असलेल्यांनाच. सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, मग ती पोटची मुलगी का असेना. तिने फुकट केलं तर वजा काय करणार? राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत, पण गेल्या तीन वर्षांत कुणाला पैसे वाटले असतील तर तेही उकरतात. मला हे पचायला आठवडा लागला.

डॉक्टरांकडे आजोबा टाय लावून आले. आंघोळ स्वतः करता? करतो. कपडे? घालतो. मुलगी खाली बघत बसली. डॉक्टरांनी बाहीचं बटण काढून परत लावायला सांगितलं. बोटं बटणाभोवती नुसती फिरत राहिली, काज काही सापडेना. यांना मदत लागते, असं डॉक्टरांनी फॉर्मवर लिहून टाकलं. येताना गाडीत कुणी बोललं नाही.

आणि मी पैसे घेत नाही. असला अर्ज भरून द्यायचे पैसे घेणं इथे कायद्यात बसतच नाही. तो काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) ऑफिसातल्या बाईंनी भरला, मी नुसता ड्रायव्हर.

बाबा आंघोळीला स्टूल घेतात का? त्यांना विचारू नकोस, तूच बघून सांग. जिन्यावरून धरून आणणाऱ्या पोराला दरमहा काहीतरी देत जा, मी वेगळे पाठवीन. सोमवारी टाकलेत त्यात पाच हजार जास्त आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशनचे त्यात धरू नका. नाशिकच्या स्थळाला इतक्यात नाही कळवू नका. हो पण नको. दिवाळीला यायचं बघतो. मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतं, माहीत आहे.

तुमचा,
बाळ