ताओ आणि बुद्ध : साध्य एक नाही

रविवारच्या पुरवणीत ताओ मत (चीनमधील प्राचीन विचारपरंपरा) आणि बौद्ध धम्म यांची शिकवण एकच असल्याचे सांगणारा लेख वाचला. त्याच्याशी सहमत होता येत नाही. साधेपणा, हाव सोडणे, ध्यान ही साम्ये खरीच. चीनमधील चान या बौद्ध ध्यानपंथावर ताओ विचारांची छापही आहे. पण साध्य वेगळे. बुद्धांनी दुःखाचे मूळ तृष्णेत दाखवले, सारे अनित्य आणि अनात्म (कायमचा आत्मा नसलेले) मानले व जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे ध्येय ठेवले. ताओ मताला निसर्गाच्या ओघाशी जुळवून, ओढाताण न करता इथेच जगायचे आहे. त्याच्या धार्मिक परंपरेने तर दीर्घायुष्य आणि अमरत्वासाठी श्वाससाधना केली, रसायने धुंडाळली. अनित्यता मानणाऱ्याला हे कसे पटावे? हा भेद पोथीपुरता नव्हता. इ. स. 845 मध्ये चीनच्या तांग घराण्याचा ताओनिष्ठ सम्राट वूझोंग याने हजारो बौद्ध विहार मोडले, अडीच लाखांहून अधिक भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडले. अर्थात विहारांच्या संपत्तीवरही त्याचा डोळा होता. जोतिबाजवळ पोहाळ्याची बौद्ध लेणी असलेल्या आपल्या जिल्ह्यात तरी हा विषय इतका सरसकट मांडला जाऊ नये. लेखकाने अनात्म विचार आणि अमरत्वाची साधना यांवर पुन्हा सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर