कॉलेज सोमवारपासून, आणि कळतं गुरुवारी रात्री

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बार्शीत माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, सोबत ऑनलाइन फॉर्म पण भरून देतो. मे संपला की दुकानात पोरांची जी रांग लागते ती पार ऑगस्टपर्यंत हटत नाही, त्यामुळं नवीन सेमिस्टर म्हणजे काय असतं हे मी काउंटरच्या या बाजूनं रोज बघतो, आणि पोरगी पुण्यात बीएस्सीला असल्यामुळं बापाच्या बाजूनं पण बघतो. दोन्हीकडून दुखणं एकच आहे, ते म्हणजे तारीख.

गेल्या वर्षीचंच सांगतो. पोरगी एसवायला गेली होती. गुरुवारी रात्री साडेदहाला तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला की सोमवारपासून लेक्चर सुरू, येताना सगळी कागदपत्रं घेऊन या. आता हा सोमवार म्हणजे 7 जुलै 2025, आणि आषाढी होती आदल्याच दिवशी, रविवारी 6 जुलैला! आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही, त्या आठवड्यात एसटी सगळी पंढरपूरला लागलेली असते, आणि बार्शीवरून कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत पुण्याला जायचं तर दर्शन करून परतणारी सगळी गर्दी टेंभुर्णीत आडवी येते. गादी सुतळीनं बांधलेली, एक ट्रंक, कडक भाकरीचा डबा, शेंगाची चटणी, आणि आम्ही बाप-लेक स्टँडवर अडीच तास उभे. तिला तिकीट अर्धं (2023 पासून बायकांना एसटीत निम्मं आहे, ते एक बरं झालं) पण अर्ध्या तिकिटाला बसायला जागा तर पाहिजे ना. इंदापूरपर्यंत ती ट्रंकेवर बसून गेली.

त्यात रस्त्यातच मेसेज आला की ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा एक विषय निवडायचा असतो त्याचा, गुगल फॉर्म टाकलाय, आधी भरेल त्याला आधी. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा विषय असं सगळं क्रेडिटवर मोजतात, तीन वर्षाच्या डिग्रीला 120 ते 132 क्रेडिट, ते ठीक आहे, पोरांनी आपल्या आवडीचा विषय घ्यावा ही कल्पना पण मला तरी चांगलीच वाटते. पण आवडीचा विषय रेंज नसलेल्या एसटीत उभ्या उभ्या निवडायचा का? भिगवणला रेंज आली तोवर तिला पाहिजे होता तो विषय फुल झालेला. उरला तो घेतला. का घेतला म्हणून कुणी विचारलं तर उत्तर काय देणार, तर भिगवणला रेंज आली म्हणून.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, म्हणजे दरवर्षी एप्रिलनंतर नवीन काढा. नॉन क्रिमिलेअर (ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागतं ते सर्टिफिकेट) पण मुदतीचंच, ते प्रांत ऑफिसातून येतं आणि सेवा हक्क कायद्यात त्याला 21 दिवस दिलेत. मी ऑफिसातल्या लोकांना नावं ठेवत नाही, सीझनला तिथं फायलींचा ढीग असतो तो मी बघितलाय. पण सरकार म्हणतंय 21 दिवस आणि कॉलेज म्हणतंय मंगळवारपर्यंत आणा, मग पोरानं मधले दिवस कुठून आणायचे? आणि नुसता अर्ज करायचा म्हटला तरी ओटीपी जातो वडिलांच्या मोबाईलवर, वडील शेतात, फोन बांधावरच्या पिशवीत. पोरगं माझ्या दुकानातून फोन करतंय, बेल वाजतीय, कुणी उचलत नाही, तेवढ्यात ओटीपीचा टाइम संपतो. परत पाठवा. तिसऱ्या वेळेला साईटच बसते. असं एका एका अर्जाला तास तास जातो आणि मागं सात जण उभे असतात, त्यातला एखादा म्हणतो काका आज शेवटची तारीख आहे हो. मुलींना इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सेसची ट्यूशन फी माफ झाली 2024-25 पासून, 8 लाखाच्या आत उत्पन्न असलं तर, चांगली योजना आहे. पण त्याला पण दाखला लागतोच, आणि दाखला वेळेत नसला की काउंटरवर म्हणतात आत्ता पूर्ण भरा, मग बघू. बघू म्हणजे कधी ते कुणी सांगत नाही, तोवर घरातलं सोनं गहाण टाकून माणसं मोकळी होतात.

बरं, एवढी धावपळ करून सोमवारी पोरगी कॉलेजात गेली तर वर्गात अकरा जण. टाइमटेबल लागलेलं नाही, एका विषयाला सर अजून यायचेत, ऑफिसच्या खिडकीवर कागद चिकटवलेला की कागदपत्रं पुढच्या आठवड्यात घेतली जातील. लेक्चर खरे सुरू झाले 16 तारखेला. पुण्यात रूम कॉट बेसिसवर आहे, भाडं पूर्ण महिन्याचं, मेसवाल्या मावशी पण ॲडव्हान्सच घेतात, त्यांचं चूक नाही, त्यांना पण किराणा भरावा लागतो. म्हणजे नऊ दिवस पोरीनं पुण्यात राहून नुसता डबा खाल्ला. ज्यांची घरं पुण्यातच आहेत त्यांना याचं काही वाटत नाही, उद्या या म्हटलं तर उद्या जातील, परवा या म्हटलं तर परवा. कॉलेजला हे दिसतच नाही की बाहेरगावच्या पोराचं सेमिस्टर लेक्चरपासून सुरू होत नाही, रूम, डिपॉझिट, एसटी आणि दाखल्यापासून सुरू होतं.

मागणी फार मोठी नाही. विद्यापीठाचं कॅलेंडर असतंच, पण कॉलेजनं आपली खरी तारीख, जिला खरंच शिकवायला उभे राहणार ती, निदान पंधरा दिवस आधी सांगावी. पुढच्या वर्षाला लागणाऱ्या कागदांची यादी एप्रिलच्या परीक्षेच्या वेळी, हॉल तिकीट देतानाच हातात द्यावी, म्हणजे सुट्टीत दाखले निघतील. अर्ज केल्याची पावती असली तर दाखला यायची वाट बघावी. आणि विषय निवडायचा फॉर्म दोन-तीन दिवस उघडा ठेवावा, काही आयपीएलचं तिकीट नाहीये ते.

यंदा अधिक महिन्यामुळं आषाढी लांबलीय, 25 जुलैला आहे. पोरगी टीवायला चाललीय. उत्पन्नाचा दाखला मी यावेळी एप्रिलमध्येच काढून ठेवलाय, गादी बांधून झालीय, रूमचं भाडं द्यायला घरमालकाचा फोन येऊन गेला. ग्रुपवर मात्र अजून नुसते गुड मॉर्निंगचे मेसेज येताहेत.

आपला,
एक झेरॉक्सवाला, बार्शी