जलूदच्या पाण्याचाही हिशेब हवा

संपादक महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे इंदूरसारख्या शहरांचे भाग्य उजळेल, असे सांगणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला; त्यातील उत्साह समजण्याजोगा असला, तरी या यंत्रणेला लागणाऱ्या पाण्याचा आणि विजेचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसह सारी संगणकीय कामे जिथे चालतात त्या संगणकांनी भरलेल्या केंद्रांनी, सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल. त्यातील अनेक केंद्रे थंड राखण्यासाठी पाण्याची वाफ केली जाते. ते पाणी त्या गावाच्या हाती पुन्हा येत नाही.

पाण्याचे मोल इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून, वीज खर्चून, विंध्याचा चढ चढवून आणावे लागते, आणि तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आहेतच. म्हणून अशा केंद्राला जमीन व सवलती देण्यापूर्वी ते रोज किती पाणी घेणार आणि त्यात शुद्ध केलेले सांडपाणी किती असेल, हे करारातच नोंदवून जाहीर करावे. व्यापारी गुपिताची सबब येथे मान्य होऊ नये.

— एक वाचक, रामबाग, इंदूर