वर्निअर आधी हातात देणाऱ्या काकाजींना

नागपूर

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीत जन्मभर क्वालिटीचं काम केलंत आणि निवृत्त झाल्यावर रविवारची सकाळ आमच्या फिटर-टर्नरच्या मुलांच्या नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीला देऊन टाकलीत. आम्ही आयटीआयचे निदेशक ट्रेड शिकवतो. पण मुलाखतीत टेबलापलीकडे बसलेला माणूस नेमकं काय पाहतो, हे तुमच्यामुळे कळलं. नुसतं 'धन्यवाद' लिहून भागणार नाही. तुम्ही काय दिलंत ते मांडतो, म्हणजे ज्यांना रविवारी येता येत नाही त्या मुलांच्याही ते कामी येईल.

सगळ्यांत मोलाची गोष्ट वर्निअरची, म्हणजे सरकत्या जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायच्या साधनाची. एकही प्रश्न न विचारता तुम्ही वर्निअर आणि एक गोल पिन मुलाच्या हातात ठेवता आणि गप्प बसता. मुलगा जबडे पुसतो का? ते मिटवून शून्यासमोर शून्य येतं का, हे पाहतो का? पिन तिरकी तर धरत नाही ना? अर्धा निकाल इथेच लागतो, रीडिंग त्यानंतर. मेन स्केलवर 23, वर्निअरच्या सरकत्या पट्टीची 17वी रेघ जुळली, लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) 0.02, म्हणजे 23 अधिक 0.34, एकूण 23.34 मिलिमीटर. पण जबडे मिटल्यावर वर्निअरचं शून्य 0.04 ने पुढे दिसत असेल, तर खरं माप 23.30. लीस्ट काउंटची व्याख्या आमच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते; ही शून्याची चूक वजा करायचं मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. जबडे जोरात आवळले की माप कमी येतं, वाकडे बसले की जास्त. हे तुम्ही फळ्यावर कधी लिहिलं नाही. मुलाचं बोट धरून, स्लाइड किती हलक्या हाताने सरकवायची ते दाखवलंत.

तसाच तुमचा दुसरा आवडता प्रश्न: 'एम10 चा टॅप मारायचा आहे, ड्रिल कोणतं घेशील?' एम10 म्हणजे दहा मिलिमीटरचा स्क्रू, टॅप म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार. घाईत उत्तर येतं, दहाचं. दहाचं भोक पाडलं तर टॅपला आटे कापायला धातूच उरत नाही. दहातून दीडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा, म्हणून साडेआठ. आणि येत नसेल तर काय बोलायचं, तेही तुम्हीच शिकवलंत: 'सर, हे मी केलेलं नाही, एम8 पर्यंत टॅपिंग केलं आहे.' अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा हे वाक्य कितीतरी वजनदार, असं आमचंही आता पक्कं मत आहे.

'माय सेल्फ' ने सुरू होणारी घोकलेली ओळख तुम्ही बंद केलीत. नाव, ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, स्वतःच्या हाताने केलेला एक जॉब आणि त्याचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक), राहायला कुठे. पाऊण मिनिटात आटोपायचं. मराठीत किंवा हिंदीत, जी भाषा समोरचा बोलेल तीत. मध्ये वर्ष गेलं असेल तर शेतीवर होतो, डिलिव्हरी करत होतो, असं सरळ सांगायचं.

'येणार कसा?' हा प्रश्न मुलांना गप्पांचा वाटतो. तो तसा नाही, हे तुम्ही समजावलंत. पहिली पाळी सातला लागत असेल आणि मुलगा पारडीहून लांबच्या बुटीबोरीला जाणार असेल, तर महिनाभरात तो नोकरी सोडेल ही मालकाची खरी धास्ती असते. म्हणून कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते, हिंगण्याला जायचं तर लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आणि पुढे काय, हे आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन पाहून यायचं.

पगाराचं गणितही तुम्हीच कागदावर मांडून दिलंत. मुलगा 'सतरा हजार' ऐकून घरी पेढे नेतो आणि पहिल्या महिन्यात फसवल्यासारखा बसतो. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 15,000, त्यात बेसिक 12,000 धरलं तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 113, प्रोफेशनल टॅक्स 200 (फक्त फेब्रुवारीत 300). एरवी हातात 13,247. मालकाचा पीएफ आणि ईएसआयसीचा हिस्सा वर जोडून तो सतरा हजारांचा आकडा, म्हणजे सीटीसी, झालेला असतो. म्हणून 'सीटीसी किती' याऐवजी 'कापून हातात किती, आणि ओव्हरटाइम कोणत्या दराने' हे विचारायचं. विचारण्यात उद्धटपणा नाही, हे तुमच्या तोंडून ऐकल्यावरच मुलांना धीर आला.

अप्रेंटिसशिपला कमी लेखू नका, हा तुमचा आग्रह आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. 1961 च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही. शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढच्या मुलाखतीत कामाला येतं. करारावर सही करण्याआधी ट्रेड आणि मुदत वाचून घ्यायची, एवढंच.

कागदपत्रांबाबत तुमचा नियम एका ओळीचा: ओरिजिनल दाखवायचं, सही केलेली झेरॉक्स द्यायची. 'रजिस्ट्रेशन' किंवा 'युनिफॉर्म डिपॉझिट' म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून उठून यायचं.

काकाजी, तुमचा वर्निअर यंदाच्या मे महिन्यात आमच्याच कपाटात आहे. जबडे पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, ते किंचित उघडे ठेवूनच पेटी बंद केली आहे. इथल्या उन्हात धातू फुगतो, गच्च मिटवून ठेवू नका, असं तुम्ही बजावलं होतं. जूनच्या पहिल्या रविवारी नवी बॅच येते आहे. पिना काढून ठेवल्या आहेत.

आपले ऋणी,
फिटर आणि टर्नर ट्रेडचे निदेशक