थंडीत घोड्याला गूळ-चंदी नको, रात्रीची वैरण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात रंकाळ्यावरच्या एका तट्टाचा फोटो आला होता, पहाटेचं धुकं, नाकातनं निघणारी वाफ, आणि खाली ओळ की थंडी वाढली म्हणून मालकानं चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, वाढवलीय. फोटो लई छान होता पण ती ओळ वाचून राहवेना म्हणून लिहितोय. माझ्या वडलांचा टांगा होता, आता माझ्याकडं एक घोडी आणि एक तट्टू आहे, वरात नाहीतर रविवारी पोरांना पाठीवर फिरवणं एवढंच काम. अशा हलक्या कामाच्या जनावराला कोल्हापूरच्या थंडीत जादा चंदी लागतच नाही. पहाटे पारा 14-15 वर आला की आपण कानटोप्या काढतो, पण अंगावर थंडीचे दाट केस आलेल्या आणि पोटभर वैरण खाल्लेल्या घोड्याला ही हवा उलट मानवते. ऊब पाहिजे तर ती वैरणीतनं मिळते, गवत मोठ्या आतड्यात आंबत राहतं आणि त्यातनं अंग गरम राहतं. दाण्यातनं तेवढी ऊब मिळत नाही.

तीन वर्षांमागं पौषात मी स्वतः ही चूक केली. लग्नं बंद, घोडी आठ-दहा दिवस नुसती बांधून, आणि मी थंडी आहे म्हणून रोजच्या चंदीवर आणखी किलोभर भिजवलेला हरभरा, गुळाचा खडा, वरनं मळ्यातलं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. एका सकाळी बघतो तर पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी. वळवायला गेलो तर काट्यावर ठेवल्यागत एकेक पाय टाकत होती. खुरावर हात ठेवला तर गरम, घोट्याच्या मागं बोट लावलं तर नाडी टकटक उडत होती. डॉक्टर म्हणाले लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज. दोन महिने लाकडाच्या भुश्यावर उभी होती, सीझन गेला त्याचं काही नाही, पण तिचं कण्हणं अजून कानात आहे.

गाय-म्हैस रवंथ करते, घोडं करत नाही, त्याचं जठर लहान आणि त्याला उलटी पण करता येत नाही. एकदम जास्त दाणा पडला की न पचलेला पिठूळ भाग पुढं आतड्यात जाऊन आंबतो, तिथले चांगले जंतू मरतात, विष रक्तात जातं, मग एकतर पोटशूळ नाहीतर खुरं.

मग घालायचं किती? वजनाच्या दीड ते दोन टक्के वाळकी वैरण रोज, म्हणजे 200 किलोच्या तट्टाला 3 ते 4 किलो. वजनकाटा लागत नाही, टेप घ्या, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासनं ढुंगणापर्यंतची लांबी, भागिले 11880. माझ्या तट्टाचा घेर 140, लांबी 125, म्हणजे 206 किलो निघालं, मी 300 समजून घालत होतो! दिवाळीनंतर कापलेलं डोंगरातलं गवत चांगलं, पण दवात भिजून बुरशी धरलेली पेंढी टाकून द्या, खोकला लागतो. चंदी द्यायचीच तर थोडी आणि दोन-तीन वेळेत वाटून, आणि सुट्टीच्या दिवशी निम्म्यावर आणा. पूर्ण चंदी खाऊन उभं राहिलेलं घोडं दुसऱ्या दिवशी कामाला काढलं की पुठ्ठे आखडतात, लघवी कॉफीसारखी होते, हे मी दुसऱ्याच्या घोड्यात बघितलंय. खाणं कुठलंही बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. आणि नुसतं बघून जाडी ठरवू नका, थंडीच्या केसात बरगड्या झाकतात, हात फिरवून बघा.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते पाण्याकडं. वाळक्या वैरणीत पाणी नसतं आणि थंडगार बादलीतलं पाणी घोडं कमी पितं, मग लीद घट्ट होऊन आतडं तुंबतं. पाणी कोमट करून ठेवा, रोज 20 ग्रॅमभर मीठ द्या, घटाघटा पितं बघा.

रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर फिरायला येणाऱ्यांना पण हात जोडून विनंती, भेळ, बिस्किटं, कणसं घोड्याला भरवू नका. दिवसभरात पन्नास जणांनी एकेक घास दिला तरी मालकानं घातलेलं माप बिघडतं. गाजर द्यायचंच तर मालकाला विचारून आणि उभं चिरून, गोल चकत्या घशात अडकतात.

फोटोतल्या मालकदादांवर माझा राग नाही, जनावरावर जीव आहे म्हणूनच त्यांनी चंदी वाढवली. फक्त त्या वाढीव चंदीऐवजी रात्री नऊ-दहाला गवताची एक पेंढी जास्त टाका आणि शेजारी कोमट पाण्याची बादली ठेवा.

आपला नम्र,
एक घोडेमालक वाचक, कोल्हापूर