अपराध एकाचा, बंदी साऱ्यांना

महोदय,

संकेतस्थळावरील चॅटसेवेत कोणी शिवीगाळ केली की अनेकदा त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा ओळख-क्रमांक) अडवला जातो. परंतु आयपीव्ही-४ या पत्ते देण्याच्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच असल्याने मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात, आणि मग एकाच्या अपराधापायी बाकीच्यांनाही दार बंद होते. गेल्या महिन्यात वीजबिलाच्या तक्रारीसाठी मी मोबाइलवर अशी एक चॅटसेवा उघडली, तर ‘प्रवेश नाकारला’ एवढीच ओळ दिसली. शेजाऱ्यांच्या वाय-फायवरून मात्र ती लगेच उघडली. खोडसाळ माणूस डेटा बंद-चालू करून अनेकदा नवा पत्ता मिळवतो. अडकतो तो साधा ग्राहक. बंदी नोंदणीकृत खात्यावर घालावी, पत्त्यावरची काही तासांपुरतीच ठेवावी आणि दाद मागण्यासाठी दूरध्वनी क्रमांक त्याच पानावर द्यावा.

– एक वाचक, नाशिक