मंडईच्या जागेसाठी हरकत नोंदवा, हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

बसस्थानकामागची जागा विकास आराखड्यात भाजी मंडईसाठी राखीव आहे. मंडई काही झाली नाही. आता ते आरक्षणच उठवून तिथे एका मोठ्या सुपरमार्केट साखळीचे दुकान आणण्याचा घाट घातला जातोय. नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 नुसार अशा फेरबदलावर सूचना निघाल्यापासून महिनाभरात हरकत घेता येते. ती मुदत सुरू झाली आहे.

स्वस्त मिळतं म्हणून लोक मोठ्या दुकानात जाणारच. आमच्याच काही सभासदांच्या घरची साखर तिथून येते (नावं सांगत नाही!). प्रश्न आहे तो खरेदीभावाचा. तोच माल साखळ्यांना आणि ऑनलाइन घाऊक कंपन्यांना स्वस्त, आम्हाला मात्र महाग. याच कारणावरून जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल उचलणं बंद केलं होतं. 2012 साली किराणा क्षेत्रात 51 टक्के परदेशी भांडवलाला परवानगी मिळाली, तेव्हा 30 टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करण्याची अट तरी होती. देशी साखळीला तीही नाही. मग वर सार्वजनिक जागाही त्यांनाच का?

आज भाजीवाल्या बायका गटाराच्या कडेला पोती अंथरून बसतात. एसटी वळायला लागली की मेथीच्या जुड्यांसकट पोतं मागे ओढायचं, गाडी गेली की पुन्हा पुढे. पावसाळ्यात तर विचारूच नका. हक्काचा ओटा मिळायचा तो याच जागेवर. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, पण ओट्याला जागाच उरली नाही तर कायदा घेऊन बसायचं कुठे?

हरकतीचा अर्ज संघटनेच्या कार्यालयात मिळेल. नाव, पत्ता, सही हवीच; शिवाय तुमची अडचण तुमच्याच शब्दांत दोन ओळी लिहा. सगळ्यांनी एकच मजकूर झेरॉक्स करून देऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि सुनावणीला जमेल तसे या. दुकानदारांनी एक दिवस अर्धं शटर ओढलं तरी चालेल.

वकिलांची फी, आराखड्याच्या प्रमाणित नकला आणि नकाशे यांसाठी पैसे लागणार आहेत. 100 रुपयांपासून कितीही द्या, पावती घेतल्याशिवाय देऊ नका. जमाखर्च दर सोमवारी कार्यालयाच्या फळ्यावर लागेल. बिल्डर किंवा निवडणुकीला उभे राहणारे यांच्याकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही.

आपले,
किराणा दुकानदार व भाजी विक्रेते